कूलरचा पॉइंट कोण काढणार?

परवाना आणि पोटपाणी : लेखांक 6

होळी आटोपली की वर्ध्यात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. सावंगी मेघे, पिपरी मेघे, नालवाडी, सेवाग्राम रस्ता, जिथे जिथे पोरं किरायाने राहतात तिथे खिडकीबाहेर लोखंडी स्टँड ठोकले जातात, ताट्या बदलल्या जातात आणि घरमालकाचा फोन जातो : “भाऊ, तीन खोल्यांत कूलरचे पॉइंट काढून द्या, आजच्या आज.” फोन ज्याला जातो त्याचा हात बहुधा चांगला चालतो. खिशात टेस्टर, पिशवीत पक्कड आणि काळी टेप. परवाना आहे का, हे त्याला कुणी विचारत नाही.

सेवाग्रामला 1969 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, वर्ध्यात 1997 पासून हिंदी विश्वविद्यालय आहे, सावंगीला दवाखाना आणि कॉलेजांचा पसारा आहे. त्यामुळे खोल्या किरायाने देणे हा आपल्याकडे अनेक घरांचा जोडधंदा झाला. चौघांच्या घराच्या बारा खोल्या झाल्या. वायरिंग मात्र पुष्कळ ठिकाणी चौघांच्या हिशेबाचेच राहिले.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. जुन्या 1956 च्या भारतीय वीज नियमांतला 45 वा नियम असो, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे 2010 चे सुरक्षा विनियम असोत की त्यांच्या जागी आलेले 2023 चे, मुद्दा तोच आहे. दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण गेले आणि तशाच क्षमतेचे दुसरे बसवले, तर परवान्याची गरज नाही. ते तुम्ही स्वतः करू शकता. पण नवा पॉइंट काढला, तार लांबवली, भार वाढवला, की ते विद्युत संचमांडणीचे काम ठरते. ते राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानेच करायचे. म्हणजे बटण बदलणे एका बाजूला आणि कूलरचा पॉइंट दुसऱ्या बाजूला. आपले बहुतेक व्यवहार नेमके या रेषेवर चुकतात.

या कामात तीन पायऱ्या आहेत आणि लोक तिन्हींना सरसकट ‘लायसन्स’ म्हणतात. पहिली तारतंत्र्याची. प्रत्यक्ष तार ओढणाऱ्याकडे परवाना हवा. आयटीआयचा वीजतंत्री किंवा तारतंत्री हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम हा त्याचा सरळ रस्ता. दुसरी पर्यवेक्षकाची. त्याच्याकडे सक्षमता प्रमाणपत्र असते. पदविका किंवा पदवी आणि तिच्या जोडीला कामाचा अनुभव या वाटेने अनेक जण तिथे पोहोचतात. तिसरी ठेकेदाराची. तो स्वतः तार ओढत नसेलही, पण त्याच्याकडे पर्यवेक्षक, तारतंत्री आणि चाचणीची उपकरणे असावी लागतात. आयटीआय झालेला पोरगा चांगला तारतंत्री असतो. तेवढ्याने तो ठेकेदार होत नाही.

आता चाचणी अहवाल. नवी जोडणी घेताना महावितरणला ठेकेदाराच्या सहीचा ‘टेस्ट रिपोर्ट’ द्यावा लागतो. तो भरण्यापूर्वी मेगर मारायचा असतो : तार आणि जमीन यांच्यामध्ये 500 व्होल्टचा दाब मिनिटभर द्यायचा आणि आवरणाचा रोध किमान एक मेगओहम येतो का, ते पाहायचे. शिवाय अर्थिंग तपासायचे. हे करायला माणसाला घरात यावे लागते, जिने चढावे लागतात. तो आला नाही, तरी कागदावर आकडा लिहिता येतो. दुखणे तिथेच आहे.

एक हिशेब मांडू. समजा बारा खोल्या आहेत. प्रत्येकीत पंखा 75 वॅट, दिवे 20, लॅपटॉप-मोबाइल 65, कूलर 200. खोलीमागे 360, म्हणजे बारा खोल्यांचे 4,320 वॅट. वर एक अश्वशक्तीची मोटर, 746 वॅट. मे महिन्यात घराचा भार साधारण पाच किलोवॅट. आता डिसेंबरची सकाळ घ्या. कूलर-पंखे बंद, पण बारापैकी सहा बादल्यांत दीड-दीड हजार वॅटचे रॉड. एकूण भार पावणेअकरा किलोवॅटच्या आसपास, म्हणजे 230 व्होल्टवर सुमारे 47 अँपिअर. मूळ घरासाठी मंजूर भार दोन किलोवॅट असेल, तर तार किती तापेल ते सांगायला नको.

भाराची चूक थंडीत उघडी पडते : एमसीबी पडते, बोर्ड काळा होतो, जळका वास येतो. गळतीची चूक उन्हाळ्यात उघडी पडते, आणि ती वास देत नाही. कूलरची टाकी लोखंडी, आत पाणी आणि पंप, पाणी भरणारा अनवाणी, फरशी ओली. दहा वॅटचा दिवा सुमारे 43 मिलिअँपिअर प्रवाह घेतो. तेवढाच प्रवाह माणसाच्या छातीतून गेला तर जीव जाऊ शकतो. एमसीबीला मात्र त्याचा पत्ताही लागत नाही. सहा अँपिअरची एमसीबी सहा हजार मिलिअँपिअरच्या पुढची भाषा समजते. म्हणून घरगुती जोडणीसाठी विनियमांनी 30 मिलिअँपिअरला तुटणारे गळतीरोधक उपकरण सांगितले आहे. बाजारात त्याला आरसीसीबी म्हणतात. चांगल्या कंपनीचे एका खोलीच्या महिन्याच्या किरायात येऊन जाते.

मग परवानेवाला महाग का पडतो? सरकारी शुल्क हा त्यातला लहान भाग. मोठा खर्च माणसांचा आणि उपकरणांचा : पर्यवेक्षकाचा पगार, मेगर, अर्थ टेस्टर, क्लॅम्प मीटर. बाकीचे कागद तितके जड नाहीत. कामगार मोजकेच असले, तर 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त सूचना द्यायची. उद्यम नोंदणी फुकट. व्यवसाय कर वर्षाला 2,500 रुपये. वर्षाची उलाढाल 20 लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी. कामगार वरून पडला तर भरपाईची जबाबदारी मालकावर, म्हणून विमा.

एवढे सगळे सांभाळणाऱ्याची स्पर्धा असते ती पॉइंटमागे मजुरी सांगणाऱ्या टेस्टरवाल्याशी. घरमालक दोघांचे भाव शेजारी ठेवतो आणि स्वस्ताला होकार देतो. मग जोडणीच्या वेळी तेवढी सही परवानेवाल्याकडून विकत आणतो. परवानेवाल्यालाही ते परवडते, कारण सहीला जिने चढावे लागत नाहीत. अशा रीतीने परवाना असलेला माणूस काम करत नाही आणि काम करणाऱ्याकडे परवाना नसतो. त्या सहीला जे पैसे दिले, ते पूर्ण वाया गेले. जी तपासणी विकत घ्यायची होती, ती झालीच नाही.

शॉक लागून कुणी दगावले, तर 24 तासांत विद्युत निरीक्षकाला कळवावे लागते. मग चौकशीत तो टेस्ट रिपोर्ट निघतो आणि त्यावरचा आकडा कुणी, कधी, कशाने मोजला, हे विचारले जाते.

तेव्हा या मोसमात घरमालकाने चार गोष्टी कराव्यात. परवाना पाहावा आणि त्याची मुदतही पाहावी. भावात मेगर आणि अर्थिंगची चाचणी धरली आहे का, ते विचारावे. चाचणी आपल्यासमोर करून घ्यावी आणि आकडा वहीत उतरवावा. आरसीसीबीवरचे ‘टी’ लिहिलेले बटण महिन्यातून एकदा दाबावे. वीज गेली, तर उपकरण जिवंत आहे. आणि पोरांनो, खोली पाहताना वायफायच्या आधी कूलरच्या प्लगला तिसरी पिन आहे का, ते पाहा. पाणी भरताना तो प्लग काढूनच ठेवा.

पुढच्या आठवड्यात : बारा पोरांची मेस आणि अन्न परवाना.