शिंपल्याच्या घरचा पाळणा

कैऱ्या सोलण्याची शिंप पूर्वी घरोघरीं असे. पाठ घांसून भोंक पाडलेली ती शिंप आमच्या अनेक वाचकभगिनींना आठवत असेल. देशावर ती बहुधा नदींतलीच असे. गाळांत राहणाऱ्या एका मुक्या जिवाचें तें घर होय. कर्जत तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणाऱ्या भीमेंतहि हा जीव राहतो.

शिंपला पाणी गाळून जगतो. जें पाणी त्याला अन्न देतें, तेंच प्राणवायूहि देतें. तें दूषित झालें कीं तो दोन्ही शिंपा घट्ट मिटून घेतो. श्वास कोंडला, जेवण थांबलें; मग वाढ कोठून होणार? अंगीं साठविलेलें बळ जीव धरून ठेवण्यांतच संपतें आणि अंड्यांसाठीं कांहीं उरत नाहीं.

वंशवृद्धीची गोष्ट याहून नाजूक आहे. नराचें बीज पाण्याबरोबर मादीच्या अंगांत जातें व अंडीं तिच्या कल्ल्यांत वाढतात. पुढें हजारों सूक्ष्म पिलें बाहेर पडतात. तीं माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून कांहीं काळ परक्या घरीं काढतात आणि मग तळाशीं उतरतात. योग्य मासा न मिळाल्यास तीं मरतात. तळ कुजक्या गाळानें भरला असल्यास उतरलेलींहि गुदमरतात. सांडपाण्यांतील अमोनिया तर या पिलांना फार बाधतो. अमेरिकेंत २०१३ सालीं गोड्या पाण्यांतील अमोनियाची मर्यादा अधिक कडक झाली, ती मुख्यतः शिंपल्यांसारख्या जिवांकडे पाहूनच.

युरोपांतील मोत्यांचे शिंपले शंभराहून अधिक वर्षें जगूं शकतात. तेथील कित्येक नद्यांत म्हातारे शिंपले आहेत, परंतु लहान सांपडतच नाहींत. आजोबा-पणजोबा सुखरूप आहेत, पण पाळणा कित्येक वर्षांत हललेला नाहीं! वरवर पाहणाऱ्याला मात्र घर भरलेलेंच दिसतें.

पुणें व पिंपरी-चिंचवड येथील सांडपाणी मुळा-मुठेंतून भीमेला मिळतें आणि दौंडवरून सिद्धटेकाकडे व पुढें उजनीच्या जलाशयांत येतें. म्हणून सिद्धटेकास दर्शनाला जाल तेव्हां मुलांना घेऊन काठावरच्या रिकाम्या शिंपा अवश्य पाहाव्या. नखाएवढी शिंप दिसली, तर अलीकडेच तेथें पिलें जन्मलीं होतीं असें समजावें. सगळ्याच मोठ्या दिसल्या, तर मात्र परततांना आपल्या घरच्या मोरीचें पाणी कोठें जातें, याचा विचार वडील माणसांनीं करावा.