कंटेनर नांदवावा कोठे?

संगणकासाठी लिहिलेला एखादा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या यंत्रावर निर्वेधपणे चालावा आणि तोच दुसऱ्या यंत्रावर नेऊन ठेवताच त्याने एक पाऊलही पुढे टाकू नये, हा अनुभव या व्यवसायात वावरणाऱ्या प्रत्येकाच्या पदरी केव्हा ना केव्हा पडलेला असतो. त्याचे कारण प्रोग्रॅममध्ये क्वचितच असते. तो ज्यांच्या आधाराने उभा असतो त्या लायब्ररींची आवृत्ती एका ठिकाणी एक असते आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरी, एखादी सेटिंग मूळ यंत्रावर कोणीतरी पूर्वी हाताने बदललेली असते आणि तिची नोंद कोणत्याच दप्तरी नसते, आणि मग या अदृश्य आधारांचा शोध घेण्यात प्रोग्रॅम लिहिण्यास लागला नसेल इतका काळ खर्ची पडतो. गेल्या दशकभरात सर्वत्र रूढ झालेल्या कंटेनरच्या व्यवस्थेने या दुखण्यावर जो उपाय योजला, तो विंचवाच्या बिऱ्हाडासारखा आहे: प्रोग्रॅमने आपल्याला लागणारे सर्व काही पाठीवर घेऊनच फिरावे, म्हणजे मुक्काम बदलला तरी संसार बदलत नाही.

मुक्काम असा ऐच्छिक झाला की तो कोठे करावा, हा प्रश्न आपोआपच उभा राहतो. आपल्या टेबलावरच्या लॅपटॉपवर किंवा कचेरीच्या कोपऱ्यातील यंत्रावर डॉकर, पॉडमन यांसारख्या साधनांनी कंटेनर चालवावा, की क्लाउडमधील एखाद्या सर्व्हरलेस सेवेच्या हवाली करून यंत्रांच्या देखभालीतून कायमचे मोकळे व्हावे? याचे उत्तर बहुतेक जण सवयीने देतात. जो ज्या साधनाशी परिचित, तो त्याचा कैवारी. माझे मत असे आहे की, हे उत्तर कामाच्या स्वभावातच शोधावे लागते: ते काम अखंड चालते की अधूनमधून, आणि त्याने जे लक्षात ठेवायचे ते कोठे ठेवले जाते, या दोन गोष्टी स्पष्ट झाल्या की निर्णयाचा मोठा भाग आपोआप होऊन जातो.

या तंत्राचा पाया डॉकरच्या पूर्वीचा आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये नेमस्पेस नावाची एक सोय आहे, तिच्यामुळे एका प्रक्रियेला दुसरीचे अस्तित्वच दिसेनासे होते. आणि सीग्रुप नावाची दुसरी सोय आहे, तिच्यामुळे प्रत्येक प्रक्रियेने किती मेमरी आणि किती सीपीयू वापरावा याला बंधन घालता येते. सीग्रुपचे काम गूगलमधील अभियंत्यांनी २००६ साली हाती घेतले आणि २००८ च्या आरंभी ते कर्नलमध्ये दाखल झाले. ही कर्नलमधली यंत्रणा सामान्य प्रोग्रॅमरच्या हाताशी आणून देण्याचे श्रेय मात्र निःसंशय डॉकरचे. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेत सांता क्लारा येथे भरलेल्या पायकॉन परिषदेत डॉकरचे जनक सॉलोमन हाइक्स यांनी अवघ्या काही मिनिटांच्या प्रात्यक्षिकात ते जगापुढे ठेवले. जून २०१५ मध्ये ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह स्थापन होऊन इमेजचे, म्हणजे कंटेनर ज्यातून उभा राहतो त्या तयार गाठोड्याचे, स्वरूप सर्वमान्य ठरवण्याचे काम सुरू झाले, ही घटना मला त्याहूनही महत्त्वाची वाटते, कारण त्यामुळेच एका साधनाने बांधलेली इमेज आज पॉडमनवर चालते, गूगलच्या क्लाउड रनवर चालते आणि ॲमेझॉनच्या फारगेटवरही चालते. आपण ज्या निवडीचा विचार करीत आहोत, ती निवड या मानकावाचून संभवलीच नसती.

आता प्रथम घरच्या साधनांकडे पाहू. कंटेनर हा यजमान यंत्राचाच कर्नल वापरतो, त्यामुळे लिनक्सवर तो हलकाफुलका असतो. परंतु विंडोज आणि मॅक यांच्यावर डॉकर डेस्कटॉप पडद्याआड एक संपूर्ण लिनक्स आभासी यंत्र चालवीत असतो, आणि आठ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर ब्राउझर उघडताच पंख्याचा आवाज का वाढतो, त्याचा उलगडा तेथे होतो. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस डॉकरने या साधनाच्या शर्ती बदलल्या: अडीचशेहून अधिक कर्मचारी किंवा वर्षाला एक कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न असलेल्या कंपन्यांना डॉकर डेस्कटॉपसाठी वर्गणी भरणे आवश्यक झाले. तेव्हापासून अनेकांची दृष्टी रेड हॅटच्या पॉडमनकडे वळली. त्याला सतत जागणारी पार्श्वभूमीतील सेवा लागत नाही, आणि सर्वाधिकारी रूट वापरकर्त्याच्या अख्त्यारावाचून, साध्या वापरकर्त्याच्या हक्कांवरही तो कंटेनर चालवतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा गुण लहान नाही.

या साधनांचे खरे सुख अनेक कंटेनर एकत्र उभे करणाऱ्या कंपोझच्या फाइलमध्ये आहे. वेबसाइट एका कंटेनरमध्ये, पोस्टग्रेस डेटाबेस दुसऱ्यात, आणि दोघांची गाठ पंधरा-वीस ओळींत लिहिलेली. एका आज्ञेने सारा संसार उभा राहतो, खोटी माहिती भरून हवे तितके प्रयोग करावेत, बिघडले तर दुसऱ्या आज्ञेने पुसून पुन्हा आरंभ करावा. येथे मीटर चालू नसतो, इंटरनेट खंडित झाले तरी काम थांबत नाही, आणि नवशिक्याला चुका करण्याची मुभा मिळते. क्लाउडवर थेट शिकू पाहणारा विद्यार्थी प्रत्येक चुकीनंतर इमेज चढवून, तैनात करून आणि नोंदी वाचून काही मिनिटे गमावतो, आणि अशा मिनिटांनीच उत्साह मावळतो. म्हणून ज्याला हा विषय आत्मसात करायचा आहे त्याने आरंभ आपल्याच यंत्रावर करावा, याविषयी माझ्या मनात किंचितही संदेह नाही.

परंतु जे लोकांना दाखवायचे आहे ते लॅपटॉपवर ठेवता येत नाही. सर्व्हरलेस कंटेनर सेवेचा व्यवहार असा आहे की, आपण इमेज रजिस्ट्रीत, म्हणजे इमेजांच्या कोठारात, ठेवायची, मेमरी आणि सीपीयू किती ते सांगायचे, आणि पुढचे सारे सेवादात्याने पाहायचे. २०१९ साली आलेल्या क्लाउड रनमध्ये कोणी पत्ता उघडला की विनंती येते, कंटेनरची प्रत उभी राहते, विनंत्या वाढल्या की आणखी प्रती उभ्या राहतात, आणि कोणीच फिरकले नाही तर काही काळाने शेवटची प्रतही विसर्जित होऊन आकारणी शून्यावर येते. ॲमेझॉनचे फारगेट २०१७ च्या नोव्हेंबरात आले, पण त्याची रीत निराळी आहे: तेथे तैनात केलेले काम आपण थांबवीपर्यंत चालतच राहते आणि आकारणीही चालते. दोन्ही सेवांना एकाच नावाने संबोधणाऱ्यांच्या बोलण्यात हा भेद लोपतो, आणि महिन्याअखेरीस तो बिलात प्रकट होतो.

एखाद्या दिवाळी अंकाच्या प्रकाशकाचे उदाहरण घेऊ. त्याच्या वेबसाइटवर आश्विनात मागण्यांची रीघ लागते आणि तुळशीचे लग्न झाल्यावर ती जवळजवळ ओस पडते. हंगामात रोज हजार विनंत्या आल्या आणि प्रत्येकीस एक पंचमांश सेकंद लागला असे धरले, तर दिवसाचे दोनशे सेकंद आणि महिन्याचे सहा हजार सेकंद, म्हणजे एक तास चाळीस मिनिटे इतकाच सीपीयूचा वापर होतो. क्लाउड रनची विनामूल्य मर्यादा महिन्याला १,८०,००० सीपीयू-सेकंदांची, म्हणजे पन्नास तासांची आहे. उलट भाड्याचे यंत्र अहोरात्र चालू ठेवल्यास तीस दिवसांत ७२० तासांचे मोल मोजावे लागते. येथे सर्व्हरलेस सेवेशी दुसऱ्या कशाची तुलनाच होऊ शकत नाही. दहावीच्या निकालासारखा प्रसंग, जेव्हा पंधरा लाखांच्या घरातील विद्यार्थी आणि त्यांचे पालक दुपारी एकच्या ठोक्याला एकाच पानावर येतात, तोही याच जातीचा.

मात्र या हिशेबात एक बाजू नेहमी झाकलेली राहते. वेबसाइट निद्रिस्त झाली तरी डेटाबेस जागाच असतो, आणि सेवादात्याकडून घेतलेला नेहमीचा पोस्टग्रेस डेटाबेस ग्राहक येवोत वा न येवोत, तासागणिक आपले भाडे वसूल करतो. शून्य खर्चाच्या आशेने आलेल्या लहान संस्थेला पहिले बिल पाहून जे आश्चर्य वाटते, त्याचे मूळ बहुधा येथे असते. जमाखर्च मांडताना कंटेनर आणि डेटाबेस यांचे रकाने निरनिराळे ठेवावेत.

उलट स्वभावाचे कामही पाहावे. तालुक्याच्या गावी एखाद्या रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागाची नोंदणी सकाळपासून रात्रीपर्यंत अव्याहत चालते. तेथे प्रत जवळजवळ कधीच विसर्जित होत नाही, म्हणून शून्यावर येण्याचा लाभही मिळत नाही, आणि इंटरनेटची तार तुटताच खिडकीपुढची रांग थिजते. अशा ठिकाणी कचेरीतील एका लिनक्स यंत्रावर पॉडमनने तेच कंटेनर चालवावेत आणि रोजच्या रोज बॅकअप बाहेर पाठवावा, हे मला अधिक विवेकाचे वाटते. घरची साधने केवळ अभ्यासासाठी असतात हा समज योग्य नाही. जेथे वापरणारे सर्व जण एकाच इमारतीत आहेत, तेथे ती प्रत्यक्ष कारभारासही पुरतात, फक्त त्या यंत्राची निगा राखणारा एक जबाबदार मनुष्य नेमावा लागतो. असा मनुष्य नसेल तर कोणतीही काटकसर महागच पडते.

क्लाउडच्या घरी नांदायचे तर तेथील रीतिरिवाज पाळावे लागतात, आणि त्यांचा अभ्यास आपल्या यंत्रावरच आधी होऊ शकतो. क्लाउड रन कंटेनरला कोणत्या पोर्टवर ऐकायचे ते सांगते, मुळात ८०८० वर, आणि प्रोग्रॅमने सर्व दिशांनी येणाऱ्या जोडण्या स्वीकाराव्यात अशी तिची अपेक्षा असते. अनेक प्रोग्रॅम १२७.०.०.१ या स्वतःच्याच पत्त्यावर कान लावून बसतात, आणि मग लॅपटॉपवर उत्तम चाललेली वेबसाइट क्लाउडवर उभीच राहत नाही. दुसरी बाब फाइलींची. वाचकाने चढवलेले छायाचित्र प्रोग्रॅमने आपल्याच फोल्डरमध्ये लिहिले, तर ते मेमरीत जाते, आणि ती प्रत विसर्जित झाली की तिच्याबरोबर छायाचित्रही जाते. अशा फाइली स्वतंत्र साठवणीत, आणि नोंदी डेटाबेसातच ठेवाव्या लागतात. तिसरी बाब अलीकडची. २०२० च्या अखेरीस ॲपलने एम१ चिप आणली, तेव्हापासून मॅकवर सहज बांधलेली इमेज एआरएम रचनेची होते, आणि क्लाउड रनला हवी असते ६४ बिटांच्या एक्स८६ रचनेची. परिणामी ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ एवढेच तीन शब्द नोंदीत उमटतात आणि नवखा मनुष्य निष्कारण आपल्या प्रोग्रॅममध्ये दोष शोधीत बसतो. इमेज बांधतानाच प्लॅटफॉर्म लिनक्स-एएमडी६४ असा स्पष्ट नमूद करावा, म्हणजे हा प्रसंग येत नाही.

शून्यावरून जागे होण्यासही वेळ लागतो. गो भाषेत लिहिलेला छोटा प्रोग्रॅम पाहता पाहता उभा राहतो. जावाच्या अवजड रचनेस काही सेकंद लागतात, आणि तितका वेळ पहिला ग्राहक कोऱ्या पानाकडे पाहत राहतो. एक प्रत सदैव जागी ठेवण्याची सोय आहे, पण तिचे मोल द्यावे लागते.

स्थळाचा प्रश्न आता पूर्वीइतका बिकट राहिलेला नाही. ॲमेझॉनने २०१६ साली आणि गूगलने २०१७ साली मुंबईत आपली केंद्रे उघडली, मायक्रोसॉफ्टचे केंद्र पुण्यात आहे. पुण्यातल्या वाचकाची विनंती सिंगापूरला जाऊन येण्याचे कारण उरले नाही. पैशांच्या व्यवहारांची माहिती भारतातच साठवावी असा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०१८ चा आदेश असल्याने, त्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना तर याचा विचार करणे भागच आहे.

कोठेही राहावे, पण निघून जाण्याचा हक्क गमावू नये, असे मला कळकळीने वाटते. इमेज सर्वमान्य स्वरूपाची असली तरी प्रोग्रॅमच्या आत सेवादात्याच्या खास सोयी, त्याची रांग, त्याचा खास डेटाबेस, त्याची ओळखपद्धती, जितक्या खोल रुजतात तितके त्याचे दर बदलल्यावर आपले काहीच चालत नाही. म्हणून क्लाउडवर तैनात असलेली प्रत्येक आवृत्ती कंपोझच्या त्याच फाइलीने लॅपटॉपवरही उभी राहते की नाही, आणि डेटाबेसचा ताजा बॅकअप तिच्यात भरता येतो की नाही, हे ठरावीक मुदतीने प्रत्यक्ष करून पाहावे. ग्रंथालये, लहान प्रकाशक, शिक्षणसंस्था यांच्याकडे अशी पडताळणी क्वचितच होते, आणि त्यांनाच तिची सर्वाधिक गरज आहे.

राहता राहिली खर्चाची मर्यादा. सेवादात्याकडे अंदाजपत्रकाची सूचना लावून ठेवली म्हणजे खर्च थांबतो, असा अनेकांचा समज असतो. ती सूचना पत्राने कळवते, सेवा बंद करीत नाही. प्रतींची कमाल संख्या ठरवणे हाच खरा लगाम, आणि तो डेटाबेसकडे पाहून ठरवावा. पोस्टग्रेस मुळात एका वेळी शंभर जोडण्या स्वीकारतो. प्रत्येक प्रत पाच जोडण्या उघडीत असेल आणि मागणीच्या भरात शंभर प्रती उभ्या राहिल्या, तर पाचशे जोडण्यांचा आग्रह होतो आणि डेटाबेस नव्या जोडण्या नाकारू लागतो. प्रतींवर दहाची मर्यादा घातली, तर पन्नास जोडण्या लागतात. क्लाउड रनवर एका सीपीयूची प्रत मुळात एका वेळी ऐंशी विनंत्या घेते या हिशेबाने आठशे वाचकांची सोय एकाच क्षणी होते, आणि उरलेल्या जोडण्या बॅकअप घेण्यासाठी व डेटाबेसची तपासणी करणाऱ्यासाठी मोकळ्या राहतात.