एका खेळाची स्थळपाहणी

बँकेच्या नोकरीतील माझी बरीच वर्षे कर्जविभागात गेली. त्या विभागाचा एक नियम पुढे अंगवळणीच पडला : स्थळपाहणी केल्याशिवाय अर्जावर शेरा लिहायचा नाही. गोदामात हळद आहे असे कागद म्हणत असेल, तर स्वतः गोदामात जायचे आणि पोते उघडून पाहायचे. हा नियम घरात मात्र मी एकदा पाळला नाही. त्याची जाणीव मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, आणि तीही एका व्हिडिओ गेममुळे झाली.

माझी नात दहा वर्षांची आहे. तिच्यासाठी चिरंजीवांनी निन्टेन्डो कंपनीचे स्विच हे यंत्र आणले. २०१७ साली बाजारात आलेले हे यंत्र हातात धरूनही खेळता येते आणि टीव्हीला जोडूनही. दिवाळीच्या सुटीत एका दुपारी ती म्हणाली, “आजोबा, दुसरा कंट्रोलर रिकामाच आहे. बसा ना तुम्ही!” वर्तमानपत्र बाजूला ठेवून मी बसलो, एवढीच माझी या क्षेत्रातील पात्रता. खेळाडू म्हणून मी हौशी, आणि तोही उशिराचा.

ज्या कंपनीचे हे यंत्र, तिचा इतिहास व्यापारी वाचकांना रुचेल. १८८९ साली जपानमधील क्योटो शहरात ही पेढी सुरू झाली ती हानाफुदा नावाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते बनवण्यासाठी. टीव्हीला जोडायचे तिचे फॅमिकॉम हे यंत्र आले १९८३ साली. धंद्याचा माल पार बदलला, पण ‘लोकांना खेळायला देणे’ हा मूळ व्यवसाय तिने सोडला नाही.

पहिला खेळ मोटारशर्यतीचा, ‘मारिओ कार्ट’. पहिल्या फेरीत माझी गाडी उलट्या दिशेने धावली आणि शेवटून पहिला क्रमांक मी निर्विवाद मिळवला. मात्र एक गोष्ट ध्यानात आली. वाटेत उचलायच्या पेट्यांतून मागे पडलेल्यांना अधिक प्रभावी साधने मिळतात, आघाडीवर असणाऱ्याला किरकोळ. अग्रक्रम क्षेत्राला कर्ज देण्याचे आमचे धोरण येथे इतक्या सहजतेने राबवलेले पाहून मौज वाटली. तिसऱ्या दिवशी माझी गाडी रस्त्याबाहेर जाईनाशी झाली, तेव्हा मी मनातून सुखावलो. पुढे कळले की गाडीला आपोआप रस्त्यावर ठेवणारी सोय नातीने माझ्या नकळत सुरू करून दिली होती. ज्येष्ठांचा मान राखण्याची ही नवी रीत मला आवडली.

परंतु माझे मन रमले ते दुसऱ्या खेळात. त्याचे नाव ‘ॲनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’. मार्च २०२० मध्ये तो आला आणि त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. यात जिंकणे-हरणे नाही. एका बेटावर राहायला जायचे, फळे तोडायची, मासे पकडायचे किंवा आमच्या नातीप्रमाणे ते टाळून शंख-शिंपले वेचायचे, झाडे लावायची आणि शेजाऱ्यांशी गोष्टी करायच्या. खेळातील घड्याळ आपल्या घड्याळाबरोबर चालते. आपल्याकडे रात्र झाली की तेथेही रात्र.

या बेटाचा कारभारी टॉम नूक नावाचा एक प्राणी आहे. तो घरासाठी कर्ज देतो. पहिले कर्ज ९८,००० बेल्सचे. बेल्स हे तेथील चलन. पुढे घर वाढवत गेले की कर्जही वाढते आणि शेवटचे २४,९८,००० पर्यंत जाते. व्याज शून्य, हप्ता नाही, मुदत नाही, तारण नाही, जामीनदार नाही. हे ऐकून माझ्यातला अधिकारी अस्वस्थ झाला. “आणि फेडलेच नाही तर?” मी विचारले. “तर काही नाही, आजोबा. फक्त घर मोठे होत नाही.” थकीत कर्जाची इतकी निर्वेध व्याख्या मी कोणत्याही परिपत्रकात वाचली नव्हती.

याच खेळात बचतीवर व्याजही मिळते. काही चतुर खेळाडू यंत्रातील तारीख पुढे ढकलून ते भराभर गोळा करीत. एप्रिल २०२० मध्ये कंपनीने व्याजदर एकदम खाली आणला. बाहेरच्या जगातही ठेवीदारांनी त्याच वर्षी घटलेले व्याजदर अनुभवले होते.

खरा बाजार मात्र सलगमांचा. हा कंद आपल्यापैकी अनेकांच्या स्वयंपाकघरात येत नाही, पण पडद्यावर त्याचा व्यापार जोरात चालतो. जपानी भाषेत ‘काबू’ या शब्दाचा अर्थ सलगमही होतो आणि कंपनीचा शेअरही, त्या श्लेषावर हा बाजार उभा आहे. रविवारी सकाळी साधारण ९० ते ११० बेल्सच्या भावाने माल घ्यायचा. सोमवार ते शनिवार भाव दिवसातून दोनदा बदलतो. कधी पन्नाशीच्या खाली उतरतो, कधी पाचशेच्या वर चढतो. मित्राच्या बेटावर भाव चांगला असेल तर तेथे जाऊनही विकता येते. पुढच्या रविवारपर्यंत माल पडून राहिला, तर तो सडतो. आणि गंमत म्हणजे लबाडीने घड्याळ मागे नेले, तरी तो सडतोच.

सांगलीच्या शाखेत असताना मी हरिपूरची पेवे पाहिली होती. जमिनीखालच्या त्या कोठारांत हळद वर्षानुवर्षे टिके आणि व्यापारी भावाची वाट पाहू शके. सलगमाला ती सवलत नाही. हा फरक मी नातीला समजावला. सगळे भांडवल एकाच नाशवंत मालात घालू नये, हेही सांगितले. तिने मान डोलावली आणि सगळे बेल्स सलगमात घातले. शनिवारी आम्ही एका लग्नाला गेलो. रविवारी सकाळी ती रडत माझ्याकडे आली.

मी चष्मा लावून हिशोब समजावण्याच्या तयारीत होतो. तेवढ्यात चिरंजीव येऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसले. “असू दे गं. माझेही एकदा असेच राहिले होते. मी मारिओच्या आठव्या जगापर्यंत पोचलो होतो. पुढे काय होते, ते कळलेच नाही.” हे त्यांनी हसत सांगितले. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

मला मात्र सगळे आठवले. १९९४ सालची सहामाही परीक्षा, गणितातले गुण आणि टीव्हीला जोडायचा तो व्हिडिओ गेम. मी तो वायरींसह कपाटात कुलूपबंद केला होता. पुढे बदली झाली आणि सामान आवरताना तो भंगारात गेला. पोते उघडून पाहिल्याशिवाय सही न करणाऱ्या मी, मुलगा काय खेळतो, त्यात त्याला काय गवसते, हे एकदाही शेजारी बसून न पाहता निकाल दिला होता.

याचा अर्थ मुलांना मोकाट सोडावे असा नाही. बेट रोज बोलावते आणि वेळ कसा जातो ते कळत नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे. म्हणून मोबाइलवरील पालक-नियंत्रणाच्या सोयीने आम्ही रोजच्या खेळाची वेळ ठरवून दिली आहे. शस्त्रे चालवून माणसे मारण्याचे खेळही अशा यंत्रांवर चालतात. तसा एक खेळ मी पाहिला आणि ‘हा आपल्या घरात नको’ असे सांगितले. नातीने ते ऐकले, कारण आजोबांनी आधी बसून पाहिले होते. बिनमुदतीचे कर्ज फक्त बेटावरच मिळते, हेही तिला सांगून ठेवले आहे. वाचकांना माझी विनंती एवढीच : मंजुरी द्या वा नामंजुरी, पण आधी आठवडाभर मुलांशेजारी बसून स्थळपाहणी करा.

त्या रविवारी रात्री मी नातीला विचारले, “तो जुना मारिओ या यंत्रावर मिळेल का?” तिने दोन मिनिटांत १९८५ सालचा तो खेळ पडद्यावर आणला. त्यात दोघांनी पाळीपाळीने खेळायचे असते, एकाची पाळी संपली की दुसऱ्याची सुरू होते. मी चिरंजीवांना हाक मारली.

माझी पाळी पहिल्याच शत्रूला धडकून संपली. त्यांची पाळी बराच वेळ चालली. मी शेजारी बसून पाहत होतो.