जिथे बोट हाच रस्ता : स्कॉटलंडच्या दूरस्थ बेटांवर

स्कॉटलंडला गेलेले आपल्याकडील बहुतेक प्रवासी एडिनबरोचा किल्ला आणि लॉक नेस सरोवर पाहून परततात. त्याच्याही पलीकडे, वायव्येस, अटलांटिक महासागरात ‘आउटर हेब्रिडीज’ ही बेटांची माळ आहे. उत्तरेच्या लुइसपासून दक्षिणेच्या बारापर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर पसरलेल्या या बेटांवर जेमतेम सव्वीस हजार माणसे राहतात. सृष्टिसौंदर्य तेथे विपुल आहे. परंतु व्यापारउदीम करणाऱ्या कुटुंबांनी ही बेटे पाहावीत ती एका प्रश्नासाठी. दूरच्या, तुटपुंज्या उत्पन्नाच्या गावी माणूस कशामुळे टिकतो आणि कशामुळे उठून जातो?

आमचा प्रवास अलापूल बंदरातून सुरू झाला. प्रवाशांसह कोच थेट बोटीच्या पोटात शिरते. तिला तेथेच ठेवून सर्वांनी वरच्या मजल्यावर जायचे, कारण बोट चालू असताना वाहनतळ बंद असतो. पावणेतीन तासांनी लुइसचे स्टॉर्नोवे येते. या मार्गांवरील बोटी सरकारी मालकीची ‘कॅलमॅक’ कंपनी चालवते. भाडे ठरवण्याची रीत माझ्यासारख्या बँकेत हयात घालवलेल्या माणसाला विशेष वाटली. तेवढेच अंतर रस्त्याने कापण्यास जो खर्च येईल, तो पाया धरून समुद्रमार्गाचे भाडे आकारायचे, हे तत्त्व येथे २००८ पासून प्रयोग म्हणून लागू झाले व पुढे कायम राहिले. तूट सरकारी तिजोरी भरून काढते. निव्वळ ताळेबंद पाहणारा याला तोटा म्हणेल. बेटावरील दुकानदार मात्र याला आपला रस्ता म्हणतो.

लुइसवर सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची कॅलॅनिशची शिलावर्तुळे आहेत. स्टॉर्नोवेशी आपले नातेही आहे. भारताचे पहिले सर्व्हेअर जनरल कॉलिन मॅकेंझी याच गावचे. दक्षिण भारतात हस्तलिखिते व शिलालेख जमवताना त्यांनी एका जैन धर्मगुरूकडून घेतलेली माहिती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये छापून आली. जैनांविषयीच्या आरंभीच्या इंग्रजी लेखनात तिची गणना होते.

लुइसला जोडूनच, एकाच भूभागावर, हॅरिस आहे. येथील ‘हॅरिस ट्वीड’ कापड जगभर जाते. १९९३ च्या कायद्याने त्याची व्याख्याच बांधून दिली आहे : शुद्ध नवी लोकर याच बेटांवर रंगवलेली व कातलेली असावी, कापड बेटवासीयाने स्वतःच्या घरी हातमागावर विणलेले असावे आणि त्यावरील अखेरची प्रक्रियाही येथेच व्हावी. तपासणीत उतरलेल्या कापडावर गोलाकार मुद्रेचा शिक्का बसतो. ही प्रथा १९११ पासूनची. यामुळे माग मोठ्या शहरातील कारखान्यात हलवता येत नाही. शिक्क्याची पत आणि विणकराची चूल एकमेकींना बांधलेल्या आहेत.

हॅरिसच्या दक्षिण टोकाला लेव्हरबर्ग हे गाव लागते. ज्यांचा सनलाइट साबण आपल्या दुकानांतून पिढ्यान्‌पिढ्या विकला गेला, त्या लॉर्ड लेव्हरह्यूम यांचे हे नाव. १९१८ मध्ये त्यांनी लुइस व पुढच्या वर्षी हॅरिस विकत घेतले. मोठी मच्छीमार बंदरे उभारण्याचा त्यांचा बेत होता. युद्धावरून परतलेल्या जवानांना मात्र हवी होती कसायला जमीन. मालकाच्या कारखान्यातील मजुरी नव्हे. हा तंटा मिटला नाही. १९२३ मध्ये त्यांनी लुइसची जमीन रहिवाशांना देऊ केली. ती स्वीकारली केवळ स्टॉर्नोवे परगण्याने. १९२५ मध्ये त्यांचे निधन होताच लेव्हरबर्गचे कामही थांबले. भांडवल होते, धडाडी होती. पण ज्यांच्यासाठी योजना, त्यांचाच होकार नव्हता. उलट २००३ मध्ये उत्तर हॅरिसची आणि २००६ मध्ये साउथ यूइस्टची जमीन तेथील रहिवाशांनीच संस्था स्थापून विकत घेतली.

लेव्हरबर्गहून लहान बोट खडक चुकवीत, नागमोडी वळणे घेत तासाभरात बर्नरेला पोहोचते. पुढे यूइस्ट बेटे भरावाच्या रस्त्यांनी जोडलेली आहेत. स्वच्छ दिवशी नॉर्थ यूइस्टच्या पश्चिम किनाऱ्यावरून क्षितिजावर सेंट किल्डाचे कडे दिसतात. रोगराई, स्थलांतर आणि बाहेरच्या जगाशी तुटलेले दळणवळण यांनी खचलेल्या तेथील उरलेल्या ३६ रहिवाशांनी स्वतःच सरकारकडे विनंती केली आणि २९ ऑगस्ट १९३० रोजी बेट कायमचे सोडले. ही आठवण येथे ताजी आहे. म्हणूनच जून २०२३ मध्ये साउथ यूइस्टच्या लॉकबॉयसडेल बंदराची बोट काढून घेतली गेली, तेव्हा शेकडो बेटवासी वाहने घेऊन धक्क्यावर निषेधास जमले. बोट चुकणे ही पर्यटकाची गैरसोय. त्यांच्या दृष्टीने तो गाव मोडण्याचा आरंभ असतो.

जाणाऱ्यांसाठी चार सूचना. मे-जून हा काळ उत्तम. जूनमध्ये सूर्यास्त रात्री दहानंतर होतो, त्यामुळे चौविहार पाळणाऱ्यांची अडचण होत नाही. शाकाहाराची कल्पना हॉटेलला आधीच द्यावी. सूपही भाज्यांचेच आहे ना, हे विचारावे. स्टॉर्नोवेचे प्रसिद्ध ‘ब्लॅक पुडिंग’ हा गोड पदार्थ नसून त्यात रक्त असते, हे ध्यानात ठेवावे. खाखरे, ठेपले सोबत असावेत. लुइसवर रविवार पाळला जातो. स्टॉर्नोवेहून अलापूलची रविवारची बोटही २००९ मध्येच सुरू झाली. वाऱ्यामुळे फेऱ्या रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाआधी एक-दोन दिवस मोकळे ठेवावेत.

आपल्याही अनेक घराण्यांची मूळ गावे आता कुलूपबंद घरांची झाली आहेत. ती गावे केवळ वर्षातून एकदा दर्शनाला जाण्यापुरती उरावीत का, याचा विचार या बेटांवर आपोआप मनात येतो. जमीन, धंदा आणि रस्ता या तिन्हींवर रहिवाशांचा हक्क राहिला, तर वादळी समुद्रातही वस्ती टिकते, एवढे तेथे डोळ्यांनी पाहता येते.