न मारणारे विष

उन्हाळ्यात पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच दिसला, की वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, पंचनामे होतात, नोटिसा निघतात. मेलेला मासा निदान फिर्यादी तरी होतो. पण एकही मासा न मारता त्याचा वंश बुडवणारे विष पाण्यात असेल, तर पंचनामा कशाचा करायचा?

असे विष आहे. त्याची परीक्षा झाली ती कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात. तिथल्या रानातली काही तळी १९६८ पासून प्रयोगांसाठी राखलेली आहेत आणि ती क्रमांकांनीच ओळखली जातात. २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे कॅरेन किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २६० क्रमांकाच्या तळ्यात एक कृत्रिम स्त्री-संप्रेरक मिसळले. कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांत असते तेच. प्रमाण लिटरमागे अवघे पाच-सहा नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग!

त्या तळ्यात फॅटहेड मिनो नावाचे बोटभर मासे होते. त्यांच्या नरांच्या अंगात अंड्याच्या बलकाचे प्रथिन तयार होऊ लागले, जे एरवी माद्यांचे काम. वृषणांची वाढ खुंटली, काहींच्या वृषणांत तर अंडपेशी आढळल्या. मासे पोहत होते, खात होते. पिल्ले मात्र दिसेनाशी झाली. हा मासा जगतो जेमतेम दोन-तीन वर्षे. पाहता पाहता तळे त्याच्यावाचून ओस पडायची वेळ आली. त्याच्यावर पोसणारा ट्राउट मासाही मग कमी झाला.

माझी उमेद बँकेत गेली. तिथे अशी खाती पाहिली आहेत : शिल्लक ठीक दिसते, पण भरणा केव्हाच थांबलेला असतो. बुडाल्यावरच सर्वांना कळते.

यावर कोणी गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांकडे बोट दाखवील, तर तो अन्याय होईल. माणसांच्या शरीरातून बाहेर पडणारी नैसर्गिक संप्रेरके आणि कारखान्यांतल्या काही साबणद्रव्यांचे अवशेषही हेच करतात. इंग्लंडच्या नद्यांत, सांडपाणी मिसळते त्या जागांच्या खाली, रोच जातीचे नर असेच अर्धे मादी झालेले आढळले होते. उणीव आहे ती शुद्धीकरणात. ओझोन किंवा सक्रिय कोळसा वापरून ही द्रव्ये बरीचशी काढता येतात. स्वित्झर्लंडने तर २०१६ पासून निवडक केंद्रांना तशी सोय करणे कायद्याने भाग पाडले. आपल्याकडे पुष्कळसे सांडपाणी अजून साध्या शुद्धीकरणावाचूनच नदीला मिळते.

तरी त्या तळ्याची गोष्ट इथे संपत नाही. संप्रेरक घालणे थांबवल्यावर काही वर्षांत मिनो पुन्हा पूर्वीच्या संख्येला आले. निसर्ग जुनी थकबाकी माफ करतो. नवी चढवणे तेवढे थांबवावे लागते.

तेव्हा नदीकाठी उभे राहिल्यावर मासे दिसले, एवढ्यावर समाधान मानू नये. पिल्ले दिसतात का, तेही वाकून पाहावे.