परिषदेतील सत्राध्यक्षाची कर्तव्ये

वैद्यांनी एकत्र जमून शास्त्रचर्चा करावी, या विचाराला महाराष्ट्रात दीर्घ परंपरा आहे. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने १९०७ साली नाशिक येथे आयुर्वेद महासंमेलनाची स्थापना झाली. धाराशिव येथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि मोठे संमेलन पेलण्याची या नगराची शक्तीही सर्वज्ञात आहे. जानेवारी २०२० मध्ये, नगराचे नाव उस्मानाबाद असताना, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथेच पार पडले. मंडप, भोजन व निवास यांची व्यवस्था पाहणारे कार्यकर्ते आपल्याकडे सहज मिळतात. सत्राध्यक्षाची निवड मात्र पुष्कळदा शेवटच्या दोन दिवसांत, केवळ ज्येष्ठतेचा मान राखण्यासाठी केली जाते. वस्तुतः संपूर्ण परिषदेची शास्त्रीय प्रतिष्ठा याच पदावर अवलंबून असते. म्हणून या पदाची कर्तव्ये क्रमाने मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

संहितेतील आदर्श

सत्राध्यक्ष कसा असावा, हे शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील यज्जःपुरुषीय अध्यायात काशिपती वामकाने पुरुष व रोग यांच्या उत्पत्तीविषयी प्रश्न उपस्थित केला. भगवान पुनर्वसु आत्रेयांनी त्याचे उत्तर तत्काळ न देता तो प्रश्न उपस्थित ऋषींपुढे ठेवला. पारीक्षि मौद्गल्य, शरलोमा, वार्योविद, हिरण्याक्ष आदींनी आपापले पक्ष मांडले. वाद वाढू लागला तेव्हा आत्रेयांनी तो थांबविला. एकच पक्ष धरून बसणारा घाण्याभोवती फिरणाऱ्याप्रमाणे कोठेच पोचत नाही, असे सुचवून त्यांनी सभेला निष्कर्षाकडे नेले.

पुढच्याच अध्यायात, चैत्ररथ वनातील सभेत, रसांच्या संख्येविषयी एकापासून असंख्यापर्यंत मते मांडली गेली. तेथेही आत्रेयांनी सहा ही संख्या निश्चित करताना इतर संख्या कोणत्या कारणाने सुचल्या असाव्यात, याचा उलगडा केला. प्रश्न सभेपुढे ठेवणे, सर्वांचे ऐकून घेणे, वितंडवाद थांबविणे आणि सकारण निर्णय देणे, ही अध्यक्षाची चारही कामे येथे दिसतात.

परिषदेपूर्वीची कामे

सत्राध्यक्षाचे काम व्यासपीठावर बसण्याच्या पुष्कळ आधी सुरू होते. आपल्या सत्राची विषयमर्यादा त्याने संयोजन समितीकडून लेखी ठरवून घ्यावी. ‘आमवात’ एवढाच विषय दिला तर निदान, पंचकर्म, रसौषधी व पथ्य हे सारे एकाच सत्रात कोंबले जाते आणि कशाचीच चर्चा पुरी होत नाही.

आलेला प्रत्येक सारांश लेखकाचे नाव झाकून दोन परीक्षकांकडे पाठवावा. परीक्षक हा लेखकाचा मार्गदर्शक, सहकारी अथवा आप्त नसावा. जिल्ह्यात बहुतेक वैद्य परस्परांचे गुरुबंधू असल्याने एक तरी परीक्षक जिल्ह्याबाहेरचा असणे इष्ट होय. रुग्णांवरील अभ्यास असल्यास नीतिसमितीची अनुमती, रुग्णांची लेखी संमती आणि चिकित्सा-चाचणी असेल तर तिची नोंदणी यांची विचारणा याच टप्प्यावर करावी. रुग्णाचा चेहरा अथवा नाव पडद्यावर दिसणार नाही, याचीही आधीच खात्री करून घ्यावी.

स्वीकृत निबंधांची पूर्ण प्रत किमान आठवडाभर आधी मागवून ती वाचावी. निबंध न वाचलेला अध्यक्ष स्तुती अथवा घंटानाद यांखेरीज काहीच करू शकत नाही.

वेळेचे नियोजन

नव्वद मिनिटांच्या सत्रात सहा निबंध घेतले, प्रत्येकास वाचनासाठी दहा व चर्चेसाठी चार मिनिटे दिली, तर चौऱ्याऐंशी मिनिटे होतात. प्रास्ताविक व समारोप यांसाठी केवळ सहा मिनिटे उरतात. सातवा निबंध ‘आग्रहास्तव’ घेतला की चर्चेचा बळी जातो. हे गणित अध्यक्षाने सत्रारंभी सभेसमोर ठेवावे, म्हणजे आठव्या मिनिटाला दिलेली सूचना कोणास अपमानकारक वाटत नाही. नियम ज्येष्ठ व कनिष्ठ वक्त्यांस सारखाच लागू करावा. पहिल्या ज्येष्ठ वक्त्यास पंचवीस मिनिटे दिली, तर शेवटच्या विद्यार्थिनीच्या वाट्याला तीनच येतात. भूम-परंडा किंवा उमरगा-लोहारा येथून आलेल्या वैद्यांना सायंकाळची एसटी गाठावयाची असते, याचेही भान ठेवावे.

प्रश्न विचारण्याची रीत

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वादमार्गाची चव्वेचाळीस पदे सांगितली आहेत. त्यांतील ‘अनुयोज्य’ हे पद सत्राध्यक्षाने सदैव स्मरणात ठेवावे. जे वाक्य अपुरे असल्याने पुढील प्रश्नास पात्र ठरते, ते अनुयोज्य. एखादा व्याधी संशोधनाने साध्य होतो असे कोणी म्हटले, तर वमनाने की विरेचनाने, असे विचारलेच पाहिजे, हे उदाहरण तेथेच दिलेले आहे.

आजच्या निबंधांस ही कसोटी लावून पाहू. समजा, एका निबंधात एक्याण्णव टक्के रुग्णांना उपशय मिळाल्याचे सांगितले. प्रारंभी किती रुग्ण होते, असे अध्यक्षाने विचारले असता तीस होते, आठ जण मध्येच यावयाचे थांबले आणि उरलेल्या बावीसांपैकी वीस जणांना उपशय मिळाला, असे कळते. प्रारंभीच्या तीस जणांचा हिशेब धरल्यास हे प्रमाण सदुसष्ट टक्के होते. न आलेल्या आठ जणांत बरे न वाटलेले अथवा उपद्रव झालेले किती, हा प्रश्न तर शिल्लकच राहतो. रुग्णांची वेदनाशामक औषधे सोबत चालू होती काय, हेही विचारावयास हवे. ‘रास्ना’ वापरली असेल तर ती कोणती? उत्तरेकडे प्लुचिया लॅन्सिओलाटा, तर दक्षिणेकडे अल्पिनिया गॅलंगा या नावाने वापरली जाते. द्रव्याची ओळख निश्चित नसेल तर निष्कर्ष कशाचा मानावयाचा?

असे प्रश्न कठोर वाटले तरी ते आवश्यक आहेत. व्यासपीठावरून निर्वेधपणे गेलेले विधान श्रोत्यांच्या टिपणवहीत उतरते आणि पुढच्याच आठवड्यात एखाद्या गावातील रुग्णाच्या हाती औषधपत्र होऊन पडते. त्या रुग्णास सभेत प्रश्न विचारता येत नाही. त्याच्या वतीने तो अध्यक्षाने विचारावयाचा असतो.

मात्र प्रश्न विधानास असावा, व्यक्तीस नसावा. संधाय संभाषेत निर्भयपणे विचारावे, निर्भयपणे सांगावे आणि समोरच्याच्या पराभवाने हर्षित होऊ नये, अशी चरकाचार्यांची शिकवण आहे. पहिल्यांदाच निबंध वाचणाऱ्यास भर सभेत हिणवले, तर तो पुन्हा आपली निरीक्षणे घेऊन येत नाही, आणि त्याच्यासोबत एक प्रामाणिक नोंदवहीही कायमची मिटते. प्रश्नाच्या निमित्ताने भाषण सुरू करणाऱ्यास अध्यक्षाने नम्रपणे थांबवावे. सभेत कोणीच बोलत नसेल तर पहिला प्रश्न स्वतः विचारावा व पुढचा कनिष्ठांकडून मागवावा. निबंध अध्यक्षाच्या स्वतःच्या शिष्याचा असल्यास त्यापुरते आसन सहअध्यक्षाकडे सोपवावे.

समारोप व नंतरचे काम

समारोपात सर्वच निबंध ‘अभ्यासपूर्ण’ म्हणून गौरविणे सोपे असते, पण त्यातून हाती काही लागत नाही. काय सिद्ध झाले, काय केवळ सूचित झाले आणि कोणत्या बाबीस अधिक अभ्यास हवा, अशा तीन भागांत निष्कर्ष सांगावा. परस्परविरोधी मते आली असल्यास त्यांचे मूळ निदानात आहे, द्रव्यात आहे की कालात, हे चैत्ररथातील आत्रेयांप्रमाणे उलगडून दाखवावे.

वृत्तपत्रांस दिला जाणारा वृत्तांतही अध्यक्षाने नजरेखालून घालावा. ‘मधुमेह समूळ बरा’ असे शीर्षक उद्या कात्रण होऊन दवाखान्याच्या भिंतीवर लागते. मधुमेह व कर्करोग यांसारख्या व्याधी बऱ्या करण्याच्या जाहिरातींस १९५४ च्या औषधी व चमत्कारी उपाय अधिनियमाने मनाई आहे, हे विसरता कामा नये. अखेरीस, चर्चेत सुचविलेल्या दुरुस्त्या लेखकाकडून करून घेतल्यावरच निबंध स्मरणिकेत छापण्याची शिफारस करावी.

एवढे सारे करणारा अध्यक्ष वयाने साठीचा असो वा पस्तिशीचा, त्याचे वाचन, निःपक्षपात व प्रश्न विचारण्याचे धैर्य पाहूनच त्याची निवड व्हावी. ज्येष्ठांचा सत्कार उद्घाटन समारंभात यथोचित करावा. सत्राचे आसन मात्र त्या विषयाचे निबंध वाचून येणाऱ्याकरिता राखून ठेवावे. पुढील परिषदेची आखणी करताना संयोजक मंडळींनी या सूचनेचा अवश्य विचार करावा, अशी आमची विनंती आहे.