किल्ला गेला, मैदान राहिलं

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी माझ्या प्रेझेंटेशनमध्ये 'मुंबईच्या कोटाचे अवशेष' अशी एक स्लाइड होती. तिच्यावर एकच फोटो: सेंट जॉर्ज हॉस्पिटलजवळचा तटबंदीचा तुकडा. गाईड म्हणाले, "दगड दाखवलेस. जमीन कुठाय?" तेव्हा राग आला होता. पण माझा विषय खऱ्या अर्थानं सुरू झाला तो त्याच प्रश्नापासून.

आधी थोडं लांबचं उदाहरण. 1066 नंतर नॉर्मन लोकांनी इंग्लंडभर झटपट किल्ले उभारले. गोल खंदक खणायचा, निघालेल्या मातीचा उंच ढीग रचायचा, वर लाकडी मनोरा आणि शेजारी कुंपणाचं आवार. यॉर्कच्या अशाच एका ढिगावरचा लाकडी मनोरा 1190 मध्ये जळाला. ढीग आजही आहे. लाकूड जळतं, दगड लोक उचलून नेतात, पण हलवलेली माती सहसा जागेवर राहते. म्हणून तिथले अभ्यासक भिंतीआधी जमिनीचे चढउतार बघतात.

आता मुंबई. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि इंग्रज धास्तावले. कोटाभोवती खंदक खणायला शहरातल्या व्यापाऱ्यांनी 30,000 रुपये वर्गणी दिली. पुढे 1860 च्या दशकात गव्हर्नर फ्रिअर यांच्या काळात तट पाडला, खंदक बुजवला. मग उरलं काय?

गिरगावातून फोर्टला चालत या. धोबीतलावची दाटी संपते आणि मेट्रो सिनेमाच्या पुढे एकदम आभाळ दिसतं. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल. ही जागा खेळण्यासाठी राखलेली नव्हती. तटावरच्या तोफांना समोर आडोसा नको, म्हणून इथं घरं बांधू देत नसत. तिचं नाव एस्प्लनेड. किल्ल्याचा सगळ्यात मोठा अवशेष म्हणजे ही मोकळीक, आणि आपण रोज तिच्यातून लोकल पकडायला धावतो.

पण इथंच घसरायला होतं. मोकळं दिसलं की किल्ला, असं नाही. दादरचं शिवाजी पार्कही मोकळंच आहे, पण ते 1925 मध्ये नगरपालिकेनं खुलं केलेलं मैदान. वरून दोन्ही सारखी दिसतात, कारणं मात्र वेगळी.

म्हणून एका पुराव्यावर थांबू नका. जमिनीचा आकार बघा, जुना नकाशा बघा, नाव बघा. काळा घोड्याजवळच्या रस्त्याचं जुनं नाव रॅम्पार्ट रो, म्हणजे तटाची ओळ. चर्चगेट स्टेशनच्या नावात कोटाचा दरवाजा अजून आहे. तिन्ही गोष्टी जुळल्या तरच विधान करा. एखादी जुळली नाही, तर ती लपवू नका. बहुतेक वेळा तुमचा पुढचा प्रश्न तिथंच असतो.

सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी एकदा हे अंतर चालून या. वहीत पहिली ओळ 'इथं काय आहे' ही नको, 'ही जागा अशी का आहे' ही असू दे.